खडी गंमतच्या डीव्हीडी: ऑथरिंग सॉफ्टवेअर निवडतानाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

काम असं आहे. मौदा तालुक्यातल्या एका खडी गंमत (विदर्भातलं लोकनाट्य) मंडळाच्या प्रयोगाचं जुनं मिनी-डीव्ही चित्रण. कॅसेट फायरवायर केबलने जुन्या डेस्कटॉपवर उतरवून झाल्यात (तासाला साधारण १३ जीबी, हार्ड डिस्क तुडुंब). काटछाट करून अडीच तास उरले: २ तास १० मिनिटं प्रयोग आणि २० मिनिटं शाहिरांची मुलाखत. आता त्याच्या डीव्हीडी करायच्या. प्लेयरवर चालेल अशी डिस्क रचणं, यालाच ऑथरिंग म्हणतात. काही नागपूरच्या महाल भागातल्या वाचनालयाच्या संग्रहासाठी, काही मंडळातल्या कलावंतांना घरी बघायला.

ज्याला सांगावं तो विचारतो, २०२४ साली डीव्हीडी कशाला? पेन ड्राइव्ह द्या, यूट्यूबवर टाका. उत्तर शाहीर काकांनी फोनवरच दिलं: "मोबाइलवर लाहान दिसते, भाऊ. टीव्हीखाली तो डब्बा पडला हाये, त्याच्यात लावाले देजा." डब्बा म्हणजे डीव्हीडी प्लेयर. गावात तो अजून बऱ्याच घरी आहे, आणि त्यातल्या निम्म्यांना यूएसबीचं भोकच नाही.

पैसे वाचनालयाचे. सहा हजार रुपये, त्यात सगळं: सॉफ्टवेअर, बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर (लॅपटॉपला ड्राइव्ह नाही), कोऱ्या डिस्क, कव्हरं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. वाचनालयाचे कार्यवाह शाळेत शिक्षक, ते निवडणुकीच्या ड्युटीवर, त्यामुळे बैठक नाही. बरंच झालं. कुठलंही सॉफ्टवेअर न बघता आधी कागदावर लिहून काढलं की डिस्क कोण लावणार आणि त्याला काय हवं.

कलावंत: डिस्क आत सरकवली की चित्र सुरू झालं पाहिजे. मेनू नको. रिमोट बहुतेक घरी हरवलेला किंवा त्याची बटणं बसलेली. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. एकच डिस्क, कारण दोन दिल्या तर दुसरी आठवडाभरात शेजारच्या गावात.

वाचनालय: मेनू हवा, प्रत्येक पदावर थेट जाता आलं पाहिजे. मुलाखत वेगळी. पदांचे शब्द खाली मराठीत दिसावेत, पण हवे तेव्हाच. म्हणजे चित्रावर कायमचे छापलेले नकोत. चित्र शक्य तितकं स्वच्छ. आणि दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाला हेच काम पुढे न्यायचं झालं, तर माझ्या फायली उघडल्या पाहिजेत.

गरजा दोन आहेत. दोन्हींना एकच सॉफ्टवेअर पुरलं पाहिजे असा नियम कुठे आहे?

२४ नोव्हेंबर, रविवार

आज दिवसभर बाजारात काय उरलंय ते बघितलं. बाजार कसला, निम्मं स्मशान आहे. अडोबी एन्कोर हे या धंद्यातलं मोठं नाव. सीएस६ ही त्याची शेवटची आवृत्ती, २०१२ची. ॲपलचं डीव्हीडी स्टुडिओ प्रो २०११मध्ये बंद. विंडोज व्हिस्टा आणि ७मध्ये डीव्हीडी मेकर फुकट मिळायचं, विंडोज ८पासून तेही गेलं. सोनीचं डीव्हीडी आर्किटेक्ट २०१६मध्ये व्हेगास या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरसोबत मॅजिक्स या जर्मन कंपनीकडे गेलं.

पैसे देऊन घ्यायचं तर माझ्या मते आज एकच गंभीर पर्याय आहे: पेगासिस या जपानी कंपनीचं टीएमपीजीएन्क ऑथरिंग वर्क्स. चाचणी आवृत्ती उतरवून बघितली. मेनू, चॅप्टर, सबटायटल, एन्कोडिंग (चित्र डीव्हीडीला चालेल अशा रूपात दाबणं) सगळं एका खिडकीत, आणि काम नेटकं. लग्नाची शूटिंग करणाऱ्याला दर आठवड्याला चार डिस्क काढायच्या असतील, तर त्याने बेधडक घ्यावं. वाचलेल्या वेळात पैसे वसूल होतात. माझं काम एका प्रयोगाचं. किंमत डॉलरमधली, ती रुपयांत आणली की वाचनालयाची रक्कम तिथेच संपते आणि रायटरला काही उरत नाही.

फुकटात:

डीव्हीडीस्टायलर. मुक्त स्रोत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. मेनू स्वतः रचता येतो, बटणांना आज्ञा देता येतात.

डीव्हीडी फ्लिक. फक्त विंडोज, शेवटची आवृत्ती २००९ची. फायली टाका, डिस्क घ्या. मेनूत फार स्वातंत्र्य नाही.

डीव्हीडीऑथर. याला खिडकीच नाही. एक्सएमएल फाइल (खुणा घातलेला साधा मजकूर) लिहायची आणि आज्ञा द्यायची. डीव्हीडीस्टायलर पोटात हेच वापरतं.

हँडब्रेकचं नाव दोघांनी सुचवलं. ते उलट्या दिशेचं आहे: डीव्हीडीतून एमपी४ काढतं, डीव्हीडी बनवत नाही. इमजीबर्न हेही ऑथरिंग नव्हे, ते तयार फोल्डर डिस्कवर लिहितं. कार्यवाहांना फोनवर हा फरक सांगताना लक्षात आलं की लोक अडतात ते नेमके इथेच. एमपी४ फाइल डिस्कवर कॉपी केली की ती डेटा डिस्क होते, जुना डब्बा ती ओळखत नाही. त्याला व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर लागतं, त्यात एमपीईजी-२ चित्र असलेल्या व्हीओबी फायली, आणि कुठून कुठे उडी मारायची हे सांगणाऱ्या आयएफओ फायली, शिवाय त्यांची बीयूपी ही राखीव प्रत. ऑथरिंग म्हणजे मुख्यतः ती आयएफओ नीट लिहिणं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज आकडेमोड. सॉफ्टवेअरच्या जाहिराती वाचण्याआधी ही करावी, कारण अर्धा निर्णय इथेच होतो.

कोऱ्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं ते ४.७ अब्ज बाइट. संगणक त्यालाच ४.३७ दाखवतो, कुणी फसवलेलं नाही. बिटमध्ये ३७.६ अब्ज. याला सेकंदांनी भागायचं.

अडीच तास म्हणजे ९,००० सेकंद. सेकंदाला ४.१८ मेगाबिट, त्यातून आवाज आणि थोडी मोकळी जागा वजा केली की चित्राला पावणेचार उरतात. डीव्हीडीच्या नियमात चित्राला ९.८पर्यंत मुभा आहे. आमचं चित्रण रात्रीचं, हॅलोजनच्या उजेडातलं, दाणेदार. दाणे म्हणजे एन्कोडरच्या दृष्टीने सतत बदलणारं चित्र, तो बिट त्यातच उधळतो. पावणेचारात ढोलकीवाल्याच्या चेहऱ्यावर चौकोन दिसणार.

म्हणून वाचनालयाला दोन डिस्क. पहिलीत गण-गवळणीपासून ८० मिनिटं, दुसरीत उरलेली ५० मिनिटं आणि मुलाखत. दोन्हीत चित्राला सरासरी ७ मेगाबिट, कमाल साडेआठ. त्याच्या वर गेलं की घरी लिहिलेल्या डिस्कवर जुने प्लेयर अडखळतात.

कलावंतांना एकच डिस्क, मुलाखत वगळून. १३० मिनिटांचे ७,८०० सेकंद, चित्राला ४.४ मेगाबिट. यात दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग हवंच: पहिल्या फेरीत कुठे किती हालचाल आहे ते मोजायचं, दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे बिट वाटायचे. शाहीर उभ्याने कथन करतात तिथे कमी, नाच्या गिरकी घेतो तिथे जास्त.

डबल लेयर डिस्कचा विचार झाला. ८.५ जीबी, सगळं एकीत बसलं असतं. पण डिस्क महाग, आणि जुने डब्बे ती वाचतील याची खात्री देता येत नाही. सोडलं.

एन्कोडिंग एफएफएमपेग या वेगळ्या सॉफ्टवेअरने स्वतंत्र करायचं ठरवलं. तो फुकट, दोन फेऱ्या करतो, आणि बिट कुठे किती द्यायचे ते माझ्या हातात राहतं. तयार एमपीईजी-२ फाइल डीव्हीडीस्टायलरला दिली की तिला पुन्हा न दळता जशीच्या तशी घ्यायला सांगता येतं. म्हणजे ऑथरिंग सॉफ्टवेअरचा स्वतःचा एन्कोडर चांगला आहे की नाही हा प्रश्नच यादीतून निघाला. महागड्या पॅकेजच्या किमतीतला मोठा वाटा त्याचाच असतो.

३० नोव्हेंबर, शनिवार

बर्डीच्या बाजारात गेलो, मोदी नंबर नावाच्या गल्ल्यांत. यूएसबीचा डीव्हीडी रायटर मिळाला. दुकानदाराने धूळ पुसून दिला आणि "अजून लागते का हे?" असं विचारून घेतलं.

तिथेच ओळखीचा एक लग्नाची शूटिंग करणारा मुलगा भेटला. त्याने लगेच पेन ड्राइव्ह पुढे केला: "एन्कोर आहे भाऊ, टाकून घ्या, काही नाही होत." नाही म्हटलं. वाचनालयाचा संग्रह चोरीच्या सॉफ्टवेअरवर उभा करायचा नाही, हे एक. दुसरं कारण रोकडं आहे: एन्कोरची प्रोजेक्ट फाइल एन्कोरमध्येच उघडते, आणि ते विकत मिळणं बंद झालंय. दहा वर्षांनी येणाऱ्या माणसाला मी कुलूप देईन आणि किल्ली नाही. डीव्हीडीऑथरची एक्सएमएल साध्या नोटपॅडमध्ये वाचता येते.

मुलगा म्हणाला, मग मेनू मी करून देतो, त्यात सोनेरी फुलं उडतात. फुलं नकोत म्हटलं.

३ डिसेंबर, मंगळवार

कलावंतांची डिस्क डीव्हीडीस्टायलरमध्ये जमली. मेनू काढून टाकला, डिस्क लागली की थेट पहिलं टायटल (म्हणजे प्रयोगाचा व्हिडिओ), आणि टायटलच्या शेवटी "पुन्हा पहिल्यापासून" ही आज्ञा. दर पदाला चॅप्टर, म्हणजे ज्याचा रिमोट शाबूत आहे तो पुढे उडी मारू शकेल.

चॅप्टरबद्दल एक: खूण पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमवरच पडते, आणि पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत (सेकंदाला २५ फ्रेम) अशी फ्रेम जास्तीत जास्त १५ फ्रेमांनी येते. म्हणजे खूण ०.६ सेकंदापर्यंत सरकू शकते. पदाच्या पहिल्या शब्दावर खूण टाकली तर शब्दच कापला जाईल. डफाच्या थापेआधी सेकंदभर टाकली.

आवाजाचं आणखी एक काम निघालं. कॅमेरा १२ बिटवर ठेवलेला होता, त्यामुळे आवाज ३२ किलोहर्ट्झचा. डीव्हीडीला ४८च लागतो. एफएफएमपेगमध्येच बदलून घेतला, एसी-३ या डीव्हीडीला चालणाऱ्या आवाजाच्या प्रकारात.

८ डिसेंबर, रविवार

सबटायटल. या सगळ्यात मला सर्वात रस वाटला तो भाग.

कार्यवाहांना धास्ती होती की जुन्या प्लेयरमध्ये मराठी फाँट कुठून असणार, चौकोन दिसतील. पेन ड्राइव्हवरच्या एसआरटी (नुसत्या मजकुराच्या सबटायटल) फाइलबाबत ही भीती अगदी खरी आहे. पण डीव्हीडीचं सबटायटल मजकूर नसतंच, ते चित्र असतं. चार रंगांचं, त्यातला एक पारदर्शक. प्लेयरला मराठी, तमिळ, चिनी काहीच कळावं लागत नाही, तो फक्त चित्र चित्रावर ठेवतो. वीस वर्षांपूर्वीचा डब्बाही जोडाक्षरं बरोबर दाखवील, अट एवढीच की ते चित्र बनवणाऱ्याने ती बरोबर काढलेली असावीत.

आणि इथेच सॉफ्टवेअर वेगळी पडतात. जी साधनं मजकूर एकेक अक्षर सुटं मांडत जातात, त्यांच्यात "किस्सा" लिहिला की वेलांटी क-च्या उजवीकडे जाऊन बसते आणि स्स तुटतो. कुठल्याही ऑथरिंग सॉफ्टवेअरचा मराठीसाठी विचार करणाऱ्याने पैसे देण्याआधी ही परीक्षा घ्यावी: "शाहिरांची दुसरी गिरकी" एवढंच टाइप करून बघावं. वैशिष्ट्यांच्या यादीत "युनिकोड" लिहिलेलं असणं म्हणजे पास होणं नव्हे.

माझा मार्ग: सबटायटल एडिट या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वेळा लावायच्या, प्रत्येक ओळीचं चित्र तिथेच करून घ्यायचं आणि ती चित्रं डीव्हीडीऑथरसोबत येणाऱ्या स्पूमक्सला द्यायची. तो ती व्हिडिओत गुंफतो. म्हणजे वाचनालयाच्या डिस्कला डीव्हीडीऑथरच, एक्सएमएल हाताने लिहून. त्रास आहे, पण फाँट कोणता आणि केवढा हे पूर्ण माझ्या ताब्यात.

ते लागलंही. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र दोन हप्त्यांत येतं, आधी एका आड एक ओळी, मग मधल्या. शिरोरेषा एकाच ओळीएवढी बारीक असेल तर ती एका हप्त्यात दिसते आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे सतत लुकलुकते. रोमन लिपीला हा त्रास थोडा. आपल्याकडे प्रत्येक शब्दावर आडवी रेघ. म्हणून मुक्ता फाँट, ठळक, शिरोरेषा किमान तीन ओळी जाड होईल इतका मोठा. ओळीत शब्द कमी बसतात, चालेल.

शब्द कसे लिहायचे यावर कार्यवाह आणि शाहीर काका यांची फोनवर जुंपली. गाण्यात "मले" आहे, कार्यवाहांनी "मला" लिहून आणलं होतं. "मास्तर, म्या गायलो मले, अन् तुमी लिवता मला?" काका जिंकले.

१३ डिसेंबर, शुक्रवार

मेनूचं चित्र तयार. सगळा मराठी मजकूर चित्रातच, सॉफ्टवेअरला फक्त बटणांच्या जागा सांगायच्या. चित्रण ४:३ आहे, मेनूही तसाच ठेवला. संगणकावर चित्र ७६८ बाय ५७६ करायचं आणि मग ७२० बाय ५७६मध्ये दाबायचं. थेट ७२०वर काढलं तर टीव्हीवर डफ लंबगोल होतो. मजकूर मधल्या ८० टक्क्यांत, कारण जुने टीव्ही कडा खातात.

बटणांची उजळणी (निवडलेलं बटण उजळून दिसणं) पिवळ्या जाड रेघेने. अलगद रंग चढणं-उतरणं वगैरे डीव्हीडीत नाही, तेही चारच रंगांचं चित्र. उडणारी फुलं करता येतात, पण ती मग व्हिडिओ म्हणून करावी लागतात आणि जागा खातात.

शेजाऱ्यांच्या माळ्यावरचा ट्यूबचा टीव्ही उतरवून आणला. मिनी-डीव्हीत खालचं फील्ड (चित्राच्या त्या दोन हप्त्यांपैकी खालच्या ओळींचा) आधी येतं. एन्कोड करताना चित्र इंटरलेस्ड (दोन हप्त्यांचं) आहे हे आणि हा क्रम दोन्ही सांगावे लागतात. मुद्दाम एक तुकडा उलट्या क्रमाने काढून बघितला: एलसीडीवर फारसं कळत नाही, लॅपटॉपवर तर अजिबात नाही, पण ट्यूबवर नाच्याचे पाय दर पावलाला मागे-पुढे थरथरतात. ज्यांच्यासाठी डिस्क करतोय त्यांच्याकडे ट्यूबच आहे. बरोबर क्रमाचा तुकडा लोण्यासारखा.

१७ डिसेंबर, मंगळवार

विधिमंडळाचं अधिवेशन कालपासून सुरू. मोर्चे, बॅरिकेड, बर्डीकडे जाणं म्हणजे अर्धा दिवस. कोऱ्या डिस्क शेवटी धरमपेठेतच मिळाल्या. डीव्हीडी-आर घेतल्या, प्लस-आर नाही. फार जुने प्लेयर मायनसला जास्त सरावलेले असतात. वर छापता येईल अशा पांढऱ्या पाठीच्या. कागदी स्टिकर लावायचे नाहीत, ते एका बाजूने उचकटले की डिस्क डगमगते.

पैशांचा हिशेब: सॉफ्टवेअर शून्य. सगळं रायटर, डिस्क आणि कव्हरांत गेलं, आणि उरलेले वाचनालयाच्या दुसऱ्या हार्ड डिस्ककडे वळवायचे, कार्यवाहांशी बोलणं झालं.

२२ डिसेंबर, रविवार

दोन्ही नमुने घेऊन गावात गेलो. लॅपटॉपवर व्हीएलसीत सगळं चालतं, त्याला काही अर्थ नाही. व्हीएलसी वाट्टेल ते गोड मानून घेतं.

शाहीर काकांच्या घरी आधी पुन्हा पुन्हा पुसता येणारी डीव्हीडी-आरडब्ल्यू लावून बघितली, डब्ब्याने "नो डिस्क" म्हटलं. अपेक्षित होतं, आरडब्ल्यूचा परावर्तित उजेड कमी असतो. डीव्हीडी-आर लावली, गण सुरू. काकांनी रिमोटला हातही लावला नाही, जागेवरून उठून आवाज वाढवला. दुसऱ्या घरी डब्बा नवीन, तिथे दोन्ही चालल्या. तिसऱ्या घरी डब्ब्याचं तोंड उघडेना.

वाचनालयाची मेनूवाली डिस्क काकांच्या नातीला दिली. तिने सरळ सबटायटलचं बटण दाबलं आणि आजोबांच्या तोंडचं पद वाचत वाचत म्हणायला लागली. एक अडचण तिनेच दाखवली: पद संपल्यावर मेनू परत येतो तेव्हा उजळणी पुन्हा पहिल्या बटणावर जाते. ती आत्ता ऐकलेल्या पदाच्या पुढच्या बटणावर हवी. एक्सएमएलमध्ये प्रत्येक पदाच्या शेवटी बटणाचा क्रमांक लिहून द्यायचा, दोन-दोन शब्दांचं काम.

२८ डिसेंबर, शनिवार

बटणाची दुरुस्ती झाली. आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकेक फाइल) तयार, इमजीबर्नने ८एक्स वेगाने लिहितोय, प्रत्येक डिस्कनंतर पडताळणी चालू ठेवून. वेळ दुप्पट लागतो.

वाचनालयाच्या हार्ड डिस्कवर जाणार: मूळ डीव्ही फायली, तिन्ही आयएसओ, सबटायटलचा मजकूर, मेनूची चित्रं, एक्सएमएल, आणि वापरलेल्या फुकट सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉल फायली. ही शेवटची गोष्ट परवाना मोकळा असल्यामुळेच ठेवता येते.

कार्यवाहांकडे दुसऱ्या मंडळाच्या कॅसेट आल्या आहेत. त्यातल्या काहींवर १६:९ लिहिलंय. ४:३ टीव्हीवर त्या वर-खाली काळ्या पट्ट्यांसह दिसतील आणि मेनूच्या बटणांची उजळणी त्या मापाला वेगळी काढावी लागेल. कॅसेट उतरवायच्या आधी हे कळवायचं: कलावंतांच्या प्रती याच पद्धतीने, मेनूशिवाय, वाचनालयाच्या मेनूला मात्र जास्तीचे चार दिवस.